बाळबोध येते, मग मोडी कशाला? नव्याने शिकणाऱ्यांसाठी

आमच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक होती. तिच्यात पणजोबांच्या वेळेपासूनचे कागद: खरेदीखतं, गहाणखतं, सारा भरल्याच्या पावत्या, चार-दोन पत्रं. घरात सात पदवीधर आणि एकालाही त्यातली ओळ लागत नव्हती. भाषा आपली, माणसं आपली, शिवारही आपलंच. अडत होतं ते अक्षरापाशी. कागद मोडीत होते.

हल्ली इंग्रजी शाळेतल्या मुलांचे पालक विचारतात की चार रेघी वहीत कर्सिव्ह गिरवून काय हशील, सुटी अक्षरं काढली तर बिघडलं कुठे? मराठीपुरता हा प्रश्न आपण सत्तरएक वर्षांपूर्वीच निकालात काढला. आपल्याकडे वाटणी ठरलेली होती. पोथी आणि पुढे छापील पुस्तक बाळबोधात, म्हणजे देवनागरीत. रोजचा पत्रव्यवहार, हिशेब, दप्तर मोडीत. बोरू फारसा न उचलता झरझर लिहायची ती मोडी. छापखान्याला सुटं अक्षर सोयीचं. मोडीचेही खिळे पाडून झाले होते. १९व्या शतकाच्या सुरुवातीला बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांच्या छापखान्यात मोडीतून मराठी छापलं गेलं, पण ती चाल टिकली नाही. १९५०च्या आसपास मोडी शाळेतून गेली, आणि लिहिणारे निवृत्त होत गेले तशी कचेरीतूनही गेली.

इंग्रजी कर्सिव्हपेक्षा आपलं दुखणं जड आहे. छापील इंग्रजी येणारा माणूस कर्सिव्ह निदान अडखळत वाचतो. मोडीतली बरीचशी अक्षरं मुळातच वेगळ्या वळणाची, त्यामुळे नुसत्या बाळबोधावर काही चालत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लिहिण्याचं साधन म्हणून मोडीचा आज काडीचा उपयोग नाही. लग्नपत्रिकेवर दोन ओळी छापून घ्यायला छान दिसते, तेवढंच. वाचण्यासाठी मात्र ती लागते आणि अजून बरीच वर्षं लागणार. पण वाचायला शिकायचं तर हाताने लिहावं लागतंच, नुसतं बघून ती येत नाही. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

आधी ठरवा: शिकायची की वाचून घ्यायची?

तुम्हाला एकच कागद वाचून हवा असेल तर शिकू नका. मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि मोकळे व्हा. लिप्यंतर म्हणजे तोच मजकूर जसाच्या तसा बाळबोधात. सोप्या मराठीत अर्थ हवा असेल तर तो वेगळा मागावा लागतो. कागद कचेरीत दाखल करायचा असेल तर कोणाच्या सहीशिक्क्याचं लिप्यंतर चालेल हे त्या कचेरीतच आधी विचारा. आम्ही उलट केलं, आणि पैसे दोनदा मोजले.

जात पडताळणीच्या निमित्ताने आज सगळ्यात जास्त लोक मोडीकडे येतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे पुरावे पाहिले जातात, आणि त्या काळातली शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही, जन्ममृत्यूची गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक, पाहणीपत्रक, यातलं बरंच मोडीत असतं. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यांतून हुडकावी लागली.

ट्रंकभर कागद असतील, इतिहासाची आवड असेल किंवा वाचून देण्याचं कामच करायचं असेल, तर मात्र शिका. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन महिन्यांत स्वच्छ हाताचा कागद लागायला लागतो. घाणेरड्या हाताचा कागद लागायला किती दिवस जातात ते विचारू नका.

पहिले तीन दिवस: मोडी नाहीच

हे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत, पण मला सगळ्यात उपयोगी पडलं. मोडी अवघड जाते ती निम्मी अक्षरामुळे आणि निम्मी लिहिण्याच्या रिवाजामुळे. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. विरामचिन्हं नाहीत. इ-ई एकच, उ-ऊ एकच, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ नाही. अनुस्वार कधी असतो, कधी लिहिणाऱ्याने खाल्लेला असतो. ओळ संपली की शब्द तिथेच तुटतो आणि उरलेला पुढच्या ओळीवर जातो, मध्ये खूणही नाही. या सगळ्याची सवय बाळबोधातच करून घेता येते. हे वाचा:

सदरहूजमीनीचेपुर्वेसओढापश्चीमेसगावरस्तादक्षीणेसरामजीबीनसंतुयाचीजमीन

पहिल्यांदा डोळे फिरतात. मग ‘पुर्वेस’ सापडतं, त्यापाठोपाठ ‘पश्चीमेस’ येणारच हे कळतं आणि ओळ आपोआप सुटते: सदरहू जमिनीचे पूर्वेस ओढा, पश्चिमेस गावरस्ता, दक्षिणेस रामजी बिन संतू याची जमीन. ही चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारही बाजूंच्या हद्दी (इथे उत्तरेची बाजू गाळली आहे), आणि प्रत्येक खरेदीखतात ती असते. घरातल्या कोणाला तरी वर्तमानपत्रातली एक बातमी अशी सलग, ऱ्हस्व-दीर्घ काढून लिहून द्यायला सांगा आणि तुम्ही ती तोडा. तीन दिवस हेच करा. मग अक्षरं शिकताना डोक्यावर एकच ओझं राहतं.

रेघ आणि हात

एकेरी रेघांची वही घ्या. बोरू मिळाला तर मजा आहे, पण सुरुवात शिसपेन्सिलीने करा. नंतर तिरक्या निबचं पेन घ्या, म्हणजे जाड-बारीक वळण कळतं.

बाळबोधात आपण शब्द लिहितो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ देतो. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारायची आणि नंतर तिला अक्षरं टांगायची. दुसरा फरक याहून मोठा. बाळबोधातला काना वरून खाली ओढतात. मोडीतला खालून वर जातो: अक्षर जिथे संपलं तिथूनच निघतो, रेघेला टेकतो, आणि हात तसाच पुढच्या अक्षरात शिरतो. कागदावर नुसतं पाहिलं तर तिथे एक गुंता दिसतो. त्याच गुंत्यावरून दोनदा पेन फिरवलं की कळतं, अरे, हा तर काना. म्हणून गिरवायचं. मी पहिले पंधरा दिवस नुसता तक्ता पाठ केला होता. तक्ता तोंडपाठ झाला आणि कागद होता तिथेच राहिला.

रोज पाच अक्षरं, त्याहून जास्त नको. प्रत्येक अक्षर सुटं लिहा, मग लगेच त्याला काना, वेलांटी, उकार, मात्रा लावून बाराखडी करा, कारण काही अक्षरांचं रूप काना किंवा उकार लागला की इतकं बदलतं की मूळ अक्षर ओळखू येत नाही. र लागलेली जोडाक्षरं शेवटी घ्या. ती छळतात.

मूळाक्षरं झाली की घरातल्या सगळ्यांची नावं, आडनावं, गाव, तालुका मोडीत लिहा. पुढे कामाला येणार आहेत.

मोबाईल-संगणकावर हवी असेल तर मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे, आणि नोटो सान्स मोडी हा फाँट फुकट मिळतो. स्वतःच्या लिहिण्याशी ताडून बघायला तो बरा. पण फाँटमधली अक्षरं कशी शहाण्या मुलांसारखी ओळीत उभी असतात. त्यावर वाचायला शिकलेला माणूस खऱ्या कागदापुढे पहिल्याच ओळीत गार होतो.

कोणत्या काळचा कागद आधी घ्यायचा?

मोडीचा उगम यादवांचा प्रधान हेमाडपंत याच्याशी जोडतात, त्याने ती लंकेतून आणली अशीही दंतकथा आहे. ती सोडून देऊ. शिकणाऱ्याच्या कामाचे टप्पे तीन: शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन.

साधारण सल्ला असा मिळतो की जवळच्या काळापासून मागे जा. मला तो अर्धाच पटतो. आंग्लकालीन कागदातली भाषा सोपी, तारखा इसवी सनातल्या, खाली स्टँपपेपरचा साचा ठरलेला. पण तोवर बोरू जाऊन टाक आलेला होता, आणि कारकुनाला घाई. अक्षर किरटं, एकमेकांवर चढलेलं. पेशवे दप्तरातल्या चांगल्या कारकुनाचा हात त्यापुढे मोत्यासारखा, पण भाषेत फारसी-अरबीचा भरणा. मी असं करायला सांगेन: वळण पेशवेकालीन नमुन्यांवरून पक्कं करा, आणि पहिला कागद लावायला घ्या तो आंग्लकालीन, शक्यतो स्वतःच्या घरचा. घरचा अशासाठी की त्यात काय असणार हे निम्मं तुम्हाला ठाऊक असतं. शिवकालीनाच्या वाटेला पहिल्या वर्षात जाऊ नका.

कागदाला हात लावण्याआधी दिवसाच्या तिरप्या उजेडात त्याचे फोटो काढा आणि पुढचं सगळं काम फोटोवर करा. मूळ कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका.

कागद लावायची युक्ती

पहिल्या ओळीपासून वाचायला बसू नका. आधी कागदावर जे तुम्हाला आधीच माहीत आहे ते शोधा. माथ्यावर बहुतेकदा ‘श्री’ असते. मग गावाचं नाव. मग पणजोबांचं. ही तीन नावं सापडली की या लिहिणाऱ्याचा र कसा, म कसा, ज कसा, हे तुमच्या हातात आलं. एका कोऱ्या कागदावर त्या लिहिणाऱ्याची स्वतंत्र बाराखडी मांडत जा. पुस्तकातला तक्ता बाजूला ठेवा, कारण दर कारकुनाचा हात वेगळा.

त्यानंतर ठरीव वाक्यं. पत्राच्या सुरुवातीला ‘राजमान्य राजश्री’, बहुतेकदा नुसतं ‘रा. रा.’. मग ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत असावे. विशेष.’ या ‘विशेष’नंतर खरा मजकूर सुरू होतो. शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो द्यावा हे विनंती’. वरिष्ठाने हुकूम पाठवला असेल तर ‘जाणिजे’. राजपत्राच्या अखेरीला ‘मोर्तब सुद’, म्हणजे शिक्का झाला. ही वाक्यं पाठ असली की पत्राचा मोठा हिस्सा न वाचताच वाचून होतो.

ती पाठ कशी करायची? छापील, बाळबोधात आलेल्या पत्रांवरून. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले, गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड संपादित केले. मोठ्या ग्रंथालयात दोन्ही मिळतात. रोज दोन पत्रं मोठ्याने वाचा. लिपी शिकायला घेतलेल्या माणसाला भाषा अडवते हे तिथे कळतं.

माझीच फजिती सांगतो. आमच्या एका गहाणखतात सारखं ‘मौजे मजकूर’ यायचं. मौजे म्हणजे गाव हे मला माहीत होतं. तेव्हा पूर्वजांनी मजकूर नावाच्या गावात जमीन घेतली होती अशी माझी खात्री झाली, आणि तालुक्याच्या नकाशात मी ते गाव आठवडाभर शोधलं. मजकूर म्हणजे ‘वर सांगितलेलं’. मौजे मजकूर म्हणजे तेच ते, आमचं गाव. तशीच ‘सालमजकूर’ म्हणजे चालू साल, ‘सालगुदस्त’ म्हणजे गेलं साल. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. खुर्द म्हणजे धाकटं गाव, बुद्रुक म्हणजे थोरलं. असे शंभरएक शब्द वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवा.

नेहमीचे शब्द पूर्ण लिहितच नाहीत: पहिलं अक्षर, पुढे एक-दोन उभ्या रेघा, संपलं. तारीख, परगणा, मुक्काम, रुपये, सगळे असे कापलेले. हे संदर्भानेच उलगडतात.

तारीख

इंग्रजी अमदानीतल्या कागदात इसवी सन असतो, तिथे काही करावं लागत नाही. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन अखेरचा काळ असेल तर ७९. फसली साल, म्हणजे सारावसुलीचं साल असेल तर ५९० किंवा ५९१.

घाम फोडतो तो शुहूर सन. पेशवेकालीन कागदात तो आकड्यात नसून अरबी शब्दांत असतो, आणि उलटा, म्हणजे एकं आधी. एकंचे शब्द असे: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दहा म्हणजे अशर. पुढे अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया म्हणजे १००, मयातैन २००, अलफ १०००.

आता ‘इहिदे सितैन मया व अलफ’ घ्या. १ आणि ६० आणि १०० आणि १०००, म्हणजे ११६१. हे साल मृग नक्षत्राला, मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला बदलतं. त्यामुळे मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ११६१ म्हणजे १७६०चा पावसाळा ते १७६१चा उन्हाळा. पानिपत याच सालातलं, जानेवारी १७६१चं. महिना मुसलमानी असतो, आणि त्याआधी ‘छ’ दिसला तर बिचकू नका: ‘छ ११ रजब’ म्हणजे रजबचा अकरावा चंद्र.

आकडे

आकडे बाळबोधासारखेच, चटकन लागतात. सांभाळायच्या त्या त्यांच्यापुढच्या उभ्या रेघा. १२। म्हणजे सव्वाबारा, १२॥ साडेबारा, १२॥। पावणेतेरा. ती रेघ पूर्णविराम समजून सोडली तर दर रेघेमागे चार आणे गेले. रुपया तेव्हा सोळा आण्यांचा हे हिशेबाची बेरीज ताडताना विसरू नका. बेरीज जुळली म्हणजे वाचन बरोबर, इतका चोख पडताळा पत्रात कधी मिळत नाही. म्हणून सरावाला मी पत्रापेक्षा जमाखर्चाचा कागद पसंत करतो. कंटाळवाणा असतो, पण खोटं बोलत नाही.

अडलं तर कुठे जायचं?

राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग वेळोवेळी होतात. पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद अजून रुमालांत, म्हणजे कापडी बासनांत बांधलेले आहेत. तमिळनाडूतली मराठी मंडळी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाकडे जाऊ शकतात. तिथल्या भोसल्यांच्या दरबाराचे बरेच मोडी कागद तिथे आहेत. वर्गाला जाताना आपला एक कागद फोटोत घेऊन जा. शिकवणाऱ्यालाही तेच ते नमुने दाखवून कंटाळा आलेला असतो.

लिप्यंतर उतरवताना

मूळ कागदाची एक ओळ ती तुमची एक ओळ. शब्द तोडा, पण शुद्धलेखन सुधारू नका. ‘जमीनीचे’ असेल तर ‘जमीनीचे’च. लागलं नाही तिथे तितक्या अक्षरांची जागा टिंबांनी भरा. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह. फाटलेलं असेल तर तसं लिहा. ‘ध चा मा’ची गोष्ट मोडीच्या प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशी येते, ती इथे पुन्हा सांगत नाही, पण माझ्या अनुभवात चूक वाईट हेतूने होत नाही, ती अर्थ जुळवण्याच्या उत्साहात होते. तीन अक्षरं लागली, चौथं लागत नाही, आणि आपल्याला हवा असलेला शब्द तिथे नेमका बसतो. अशा वेळी तो कागद मिटून दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा. जातीची नोंद किंवा जमिनीची हद्द असेल तर दुसऱ्या जाणकाराला तुमचं लिप्यंतर न दाखवता मूळ फोटो दाखवा, आणि मग दोन्ही ताडून पाहा.

काम झालं की कागद सुती फडक्यात बांधून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. आणि घडी घालताना ती जुन्याच घडीवर घाला. नवी पडली की काही वर्षांनी कागद तिथे तुटतो, आणि तिथली ओळ जाते.